खांबावर माणूस कंत्राटदाराचा, स्विच कंपनीच्या हातात

प्रति,
सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन
मुख्य विद्युत निरीक्षक, महाराष्ट्र राज्य
राज्यातील वीज वितरण कंपन्यांचे व्यवस्थापन
विद्युत कंत्राटदारांच्या संघटनांचे पदाधिकारी

विषय : लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी शासन, वितरण कंपन्या आणि कंत्राटदार संघटना यांच्यात लेखी करार व्हावा.

महोदय, महोदया,

हे पत्र चौघांना मिळून लिहिले आहे, कारण यातले काम चौघांपैकी कुणा एकाच्या आवाक्यातले नाही. आरडीएसएस या वीज वितरण सुधारण्याच्या केंद्रीय योजनेतली नवी फीडरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाइनची) कामे, सौर प्रकल्पांच्या जोडण्या, पावसाळ्यापूर्वीची देखभाल, रात्री-अपरात्रीचे ब्रेकडाऊन या सगळ्यांत खांबावर चढणारा माणूस आता बऱ्याचदा कंत्राटदाराचा किंवा बाह्यस्रोत एजन्सीचा असतो. त्याच्या डोक्यावरची तार बंद करणारा हात मात्र उपकेंद्रातल्या यंत्रचालकाचा. हातमोजे कुणी द्यायचे ते निविदेत, परमिट (लाइन बंद ठेवून काम करण्याची परवानगी) कसे द्यायचे ते कंपनीच्या परिपत्रकात, परवाना कुणाला द्यायचा ते अनुज्ञापक मंडळाच्या नियमांत, आणि अपघात झाला की चौकशी विद्युत निरीक्षकाकडे. प्रत्येकाचा कागद वेगळा आहे आणि माणूस मरतो तो या कागदांच्या मधल्या जागेत.

कायदा कमी पडतो असे नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार अपघाताची सूचना द्यावीच लागते. त्याखालच्या २००५ च्या नियमांप्रमाणे जीवघेण्या अपघाताची पहिली खबर २४ तासांत आणि 'नमुना अ' मधला लेखी अहवाल ४८ तासांत विद्युत निरीक्षकाकडे जायला हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत, २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्याही, लाइनवर काम करणाऱ्याला हातमोजे, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधने, हेल्मेट, टेस्टर पुरवण्याची सक्ती आहे. चालू लाइनवर अधिकृत माणसाशिवाय कुणी काम करू नये, हेही लिहिलेले आहे. सगळे लिहिलेले आहे. अडते ते अंमलात, आणि अंमल अडतो कारण जबाबदारी दोन मालकांत वाटली गेली आहे.

आधी आकड्यांचे बोलू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा गेली काही वर्षे १२,००० च्या वर आहे. यात शेतकरी आहेत, घरातली माणसे आहेत, गणपतीच्या मांडवात लाइटिंग लावणारी मुले आहेत आणि लाइनमनही आहेत. पण लाइनवर काम करताना किती गेले, त्यांतले कंत्राटी किती, परमिट असताना किती आणि नसताना किती, हे त्या आकड्यातून निघत नाही. विद्युत निरीक्षकांच्या चौकशी अहवालांत ही माहिती असते. मात्र तो अहवाल कुणाचा दोष हे ठरवण्यासाठी लिहिलेला असतो. तो फाइलमध्ये जातो आणि शेजारच्या तालुक्यातल्या कंत्राटदाराला त्याच चुकीची खबर लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच चूक तिथे होते.

आता चुका कोणत्या, ते नेमकेपणाने सांगतो. कारण 'निष्काळजीपणा' या एका शब्दात सगळे गुंडाळले की दुरुस्त करायला काही उरतच नाही.

सर्वांत मोठी गळती परमिटमध्ये आहे. प्रत्यक्षात परमिट फोनवर घेतले जाते : "गावठाण बंद कर, माणूस चढतोय." फीडर वेगळे करण्याच्या कामांनंतर एकाच उपकेंद्रातून गावठाणाचे दोन, शेतीचे तीन-चार फीडर निघतात, नावे एकसारखी असतात आणि भिंतीवरचा एकरेषीय नकाशा जुना असतो. यंत्रचालक 'गावठाण एक' बंद करतो, माणूस 'गावठाण दोन'वर चढतो. किंवा एकाच फीडरवर दोन टोळ्या असतात आणि परमिट एकाच्याच नावावर असते. पहिल्या टोळीचे काम संपते, ती परमिट परत करते, लाइन चालू होते. दुसरी टोळी चार खांब पुढे तारेला हात लावून बसलेली असते. तिसरा प्रकार वेळेचा. "पाच वाजता चालू कर, तोवर आमचे होईल." काम लांबते, मोबाइलला रेंज नसते, पाचला ब्रेकर (लाइन चालू-बंद करणारा उपकेंद्रातला स्विच) लागतो. चौथा, पाळी बदलताना. जाणारा यंत्रचालक येणाऱ्याला तोंडी सांगतो, आणि तोंडी सांगितलेले पहिल्या ट्रिपिंगच्या गडबडीत विसरले जाते.

यावर उपाय माहीत नाही असे नाही. परमिटला क्रमांक हवा. त्यावर फीडरचे नाव आणि नंबर, कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, कोणते ब्रेकर, आयसोलेटर (लाइन वेगळी करणारा स्विच) किंवा एबी स्विच (खांबावरचा, हँडलने चालणारा) उघडले म्हणजे बंद केले, अर्थिंग कुठे केले, घेणाऱ्याचे नाव आणि वेळ एवढे हवे. फोनवर दिले तरी घेणाऱ्याने क्रमांक आणि फीडर उलट म्हणून दाखवायचा, आणि दोन्हीकडच्या वहीत तोच मजकूर उतरायचा. प्रत्येक टोळीचे परमिट वेगळे. फीडरवर जितकी परमिटे, तितकी परत आल्याशिवाय ब्रेकर लागणार नाही. वेळ ठरवून लाइन चालू करण्याला पूर्ण बंदी. ऑटो-रिक्लोजर (पडलेला ब्रेकर आपोआप पुन्हा लावणारे यंत्र) असेल तर तो आधी बंद.

आणि सर्वांत स्वस्त गोष्ट : कुलूप. ब्रेकरची ट्रॉली बाहेर काढून किंवा आयसोलेटर उघडून त्याच्या हँडलला अनेक कुलपे बसतील अशी कडी लावायची. प्रत्येक टोळीप्रमुखाचे स्वतःचे कुलूप त्यात पडले आणि किल्ली त्याच्या खिशात राहिली, की यंत्रचालकाची स्मरणशक्ती हा सुरक्षेचा आधार राहत नाही. उपकेंद्र पंधरा किलोमीटरवर असेल तर टोळीप्रमुख तिथे जाणार नाही, हे आम्हालाही कळते. तिथे जवळच्या एबी स्विचच्या हँडलला त्याचे कुलूप पडावे आणि उपकेंद्रात त्याच्या परमिट क्रमांकाची पाटी लटकावी. पण हे कुलूप कंत्राटदाराने आणायचे आणि कडी कंपनीने बसवायची, असे दोघांनी मिळून ठरवावे लागेल. एकट्या कंत्राटदाराच्या कुलपाला कंपनीच्या हँडलवर जागाच नसते.

एबी स्विचवर एवढ्यासाठी लिहितो की त्यावरचा भरवसा अनेकदा फसवा ठरतो. हँडल खाली आले म्हणजे तिन्ही पाती उघडली असे नाही. गंजलेली दांडी वाकते, मधल्या फेजचे पाते संपर्कात अडकून राहते, आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन उघडी पाती दिसली की तिसरीही उघडी वाटते. तिन्ही पाती एकेक करून, ऊन डोळ्यांत येणार नाही अशा बाजूला उभे राहून पाहायची. रात्री टॉर्च वापरायचा. अंदाजावर एकही पाते सोडायचे नाही. ज्या स्विचचे पाते अडकते त्याची नोंद कंत्राटदाराच्या माणसाने कुठे करायची, याचे उत्तर आज नाही. तो शाखा अभियंत्याला फोनवर सांगतो आणि विषय तिथे संपतो.

उलट्या दिशेने येणारी वीज हा धोका वर्षागणिक वाढतो आहे. मंगल कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेला असतो, दुकानाचा इन्व्हर्टर मेन न पाडता चालतो. ही वीज डीपीच्या (गावातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरच्या) लघुदाब, म्हणजे ग्राहकांकडच्या कमी व्होल्टच्या, बाजूने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. ११ केव्ही (११,००० व्होल्ट)/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की लघुदाबाकडून आलेले २३० व्होल्ट उच्चदाबाच्या बाजूला सुमारे १०,००० व्होल्ट होतात. उपकेंद्रातला ब्रेकर उघडा, ट्रॉली बाहेर, परमिट हातात, आणि तारेत तरीही वीज. छतावरच्या सौर संचांचे ग्रिडला जोडलेले इन्व्हर्टर पुरवठा गेल्यावर आपोआप बंद व्हावेत अशीच त्यांची रचना असते; पण बॅटरीसह बसवलेल्या संचात बॅकअपची वायरिंग चुकली तर ती खात्री उरत नाही. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून सुरू झाली. म्हणजे प्रत्येक डीपीखाली विजेचे नवे स्रोत येणार आहेत. हे संच बसवतात कंत्राटदार संघटनांचेच सभासद, त्यांना मंजुरी देते वितरण कंपनी, आणि त्यांच्या चुकीचा धक्का बसतो लाइनवरच्या तिसऱ्याच माणसाला. त्यामुळे डीपीवर काम करताना डीओ (उच्चदाब बाजूचे, काठीने खाली पाडायचे फ्यूज) पाडणे आणि लघुदाबाचे फ्यूज काढणे या दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात. एक करून चालत नाही.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथला गैरसमज जाणत्या लोकांतही आहे.

डिस्चार्ज रॉड तारेला लावला, त्याची वायर जमिनीत खुपसलेल्या सळीला जोडली, म्हणजे आता लाइन चुकून चालू झाली तरी वीज जमिनीत जाईल आणि माणूस वाचेल, असे समजले जाते. हिशोब करून पाहा. मुरमाड जमिनीत अर्धा-पाऊण मीटर ठोकलेल्या सळीचा रोध १०० ओहम धरला, आणि प्रत्यक्षात तो याहून जास्तही भरतो, तर ११ केव्हीच्या लाइनचा एक फेज म्हणजे जमिनीच्या तुलनेत ६,३५० व्होल्ट भागिले १०० ओहम, सुमारे ६३ अँपिअर. एवढ्या करंटवर ओव्हरकरंट रिले (करंट फार वाढला की ब्रेकर पाडणारे उपकरण) हलणारही नाही. फीडरचा नेहमीचा भारच याहून जास्त असतो. अर्थ-फॉल्ट रिले (जमिनीत जाणारा करंट ओळखणारा) योग्य सेट केलेला आणि चालू असेल तर तो पकडेल, नसेल तर तार तशीच जिवंत राहील आणि सळीभोवतीची जमीनही.

ब्रेकर खात्रीने पाडतो तो तिन्ही फेज एकमेकांना जोडणारा शॉर्ट. म्हणून एक-एक सुटा रॉड पुरेसा नाही. तिन्ही फेज जाड तांब्याच्या लवचीक वायरने एकत्र बांधणारा संच हवा, आणि तो कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हवा. खांब लोखंडी असेल तर त्या संचाचे टोक खांबालाही, चढणाऱ्याच्या पायांच्या खाली, जोडायचे. मग लाइन चालू झाली तरी त्याचा हात आणि पाय जवळजवळ एकाच विद्युतदाबावर (व्होल्टेजवर) राहतात. वायरची जाडीही मोजून घ्यावी लागते. ५,००० अँपिअरचा फॉल्ट अर्धा सेकंद टिकला तर साधारण १८ चौरस मिलिमीटर तांबे लागते, म्हणून बाजारात मिळणारी पुढची मोठी मापे, २५ किंवा त्यावर, घ्यावीत; उपकेंद्राजवळ फॉल्ट करंट जास्त असतो, तिथे त्याहून जाड. पातळ वायरचा रॉड फॉल्टमध्ये वितळतो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी अर्थिंग उरत नाही.

क्रमही पक्का हवा. टेस्टर आधी चालू असलेल्या लाइनवर किंवा त्याच्या स्वतःच्या चाचणी-बटणावर तपासायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा तपासायचा. अर्थचे टोक आधी जमिनीकडे, नंतर तारेला. काढताना तारेचे आधी, जमिनीचे शेवटी. हा क्रम उलटला तर रॉड धरणारा माणूसच अर्थ होतो. दोन फीडर एकाच खांबावरून जात असतील, किंवा वरून दुसरी उच्चदाब लाइन आडवी जात असेल, तर बंद लाइनमध्येही शेजारच्या चालू लाइनमुळे दाब तयार होतो. तिथे अर्थिंगशिवाय तारेला हात लावायचाच नाही.

हातमोज्यांचा प्रश्न खरेदीचा आहे. रबरी हातमोज्याला वर्ग असतो. वर्ग ० म्हणजे १,००० व्होल्टपर्यंत, वर्ग २ म्हणजे १७,०००, वर्ग ३ म्हणजे २६,५००, वर्ग ४ म्हणजे ३६,००० व्होल्ट. ११ केव्हीला वर्ग २, २२ ला वर्ग ३, ३३ ला वर्ग ४ लागतो. निविदेत नुसते 'इलेक्ट्रिकल हँड ग्लोव्हज' एवढेच लिहिले असेल तर सर्वांत स्वस्त येतात आणि लाइनमनच्या हातात वर्ग ० चा जोड देऊन त्याला २२ केव्हीचा डीओ पाडायला पाठवले जाते. रबराला उन्हाने, घामाने, तेलाने आणि घडी घालून ठेवल्याने भेगा पडतात. वरून चामड्याचा मोजा नसेल तर तारेच्या एका काड्याने टाचणीएवढे छिद्र पडते, आणि तेवढे छिद्र पुरते. रोज काम सुरू करण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची, बोटे फुगू द्यायची, गालाजवळ धरून हवा निसटते का पाहायचे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आणि दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत विद्युत चाचणी व्हावी. अमेरिकेत हा नियमच आहे. आपल्याकडे तालुक्याच्या कंत्राटदाराने आपले चार जोड चाचणीसाठी कुठे पाठवायचे? हे काम संघटनांचे आहे. सभासदांचे मोजे गोळा करणे, जिल्ह्यातून दर सहा महिन्यांनी एकदा चाचणीला नेणे, तारखेचा शिक्का मारून परत देणे. वितरण कंपन्यांनी आपल्या चाचणी विभागाची यंत्रे त्यांना ठरावीक दराने वापरू द्यावीत. हातमोजे हा शेवटचा अडसर आहे, पहिला नव्हे, हेही प्रशिक्षणात ठणकावून सांगितले पाहिजे. मोजे घातले म्हणून परमिट नको, असे समजणारे कमी नाहीत.

पडून होणारे मृत्यू वीजेच्या अपघातात मोजले जात नाहीत, म्हणून ते नजरेआड राहतात. जुना सिमेंटचा खांब पायथ्याशी तडकलेला असतो, लोखंडी खांब जमिनीलगत गंजून पातळ झालेला असतो. चढण्यापूर्वी हातोडीने ठोकून आवाज ऐकणे, बुंध्याजवळची माती एक वीत खणून पाहणे, एवढ्याने बरेच कळते. खांब साधारण लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतका, ८-९ मीटरच्या खांबाला दीड मीटर, जमिनीत हवा. घाईच्या कामात खड्डा मीटरभरच असतो. सर्वांत फसवी वेळ तारा सोडतानाची. एका बाजूची तार कापली की दुसऱ्या बाजूचा ओढा खांबाला माणसासकट पाडतो. तात्पुरता ताण (खांब धरून ठेवणारी तिरकी तार) बांधल्याशिवाय तार कापायची नाही. कमरेचा पट्टा बंद करून पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन दोऱ्या द्यायला हव्यात, म्हणजे अडथळा ओलांडताना एक तरी अडकलेली राहते.

वादळ आणि पुराच्या वेळी या सगळ्याची एकत्र परीक्षा होते. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ चे तौक्ते, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर या प्रत्येक वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या आणाव्या लागल्या. बाहेरची टोळी लाइन ओळखत नाही, कुठला फीडर कुठून फिरतो हे तिला ठाऊक नसते, आणि सगळीकडे जनरेटर चालू असतात. गावातून, लोकप्रतिनिधींकडून, वरिष्ठांकडून 'लाइट कधी येणार' हे फोन थांबत नाहीत. अशा वेळी प्रत्येक बाहेरच्या टोळीबरोबर त्या शाखेतला एक स्थानिक लाइनमन सक्तीने द्यावा, सोळा तास काम झालेल्या माणसाला खांबावर चढवू नये, आणि परमिट देण्यासाठी एकच अधिकारी नेमावा. हे वादळ येण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये लिहून ठेवायचे काम आहे.

पैशाचे स्पष्ट बोलतो. सर्वांत कमी दराला काम देण्याच्या पद्धतीत सुरक्षेचा खर्च हा पहिला कापला जाणारा खर्च आहे. जो कंत्राटदार चांगले संच घेतो तो निविदेत मागे पडतो. म्हणून निविदेत सुरक्षेची ओळ वेगळी असावी, तिचा दर कंपनीने ठरवावा आणि त्यावर स्पर्धा नसावी. साहित्य जागेवर दाखवले तरच त्या ओळीचे बिल निघावे. पाच जणांच्या टोळीला किमान काय हवे याची यादी अवघड नाही : तीन फेजचे अर्थिंग-शॉर्टिंग संच दोन, लघुदाबाचा एक, त्या दाबाचा व्होल्टेज डिटेक्टर एक, फायबरची ऑपरेटिंग काठी, फायबरची शिडी, हेल्मेट पाच, चढणाऱ्या तिघांना हार्नेस, योग्य वर्गाचे हातमोजे चामड्याच्या आवरणासह दोन जोड, हातदोर, कुलपे-पाट्या आणि प्रथमोपचार पेटी. यादी ठरवताना कंत्राटदार संघटना टेबलावर हवी, कारण काय मिळते, काय टिकते आणि काय नुसते कागदावर राहते, हे तिलाच माहीत असते.

उपकंत्राटाची साखळी तोडल्याशिवाय यातले काही टिकणार नाही. काम कंपनीकडून मोठ्या ठेकेदाराकडे, त्याच्याकडून तालुक्यातल्या माणसाकडे, आणि तिथून शेवटी ज्याला गावोगावी 'झिरो वायरमन' म्हणतात त्याच्याकडे पोहोचते. त्याच्याकडे परवाना नाही, हजेरीपटावर नाव नाही, विमा नाही. पण वर चढतो तोच. कधी कधी त्याला चढवणारा कायम नोकरीतला माणूस असतो. परमिटवर खांबावर चढणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि परवाना क्रमांक लिहायची अट घातली, तर हा प्रकार पहिल्यांदा कागदावर तरी दिसेल. मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई आधी मूळ मालकाने, म्हणजे काम देणाऱ्या वितरण कंपनीने, द्यावी आणि कंत्राटदाराकडून नंतर वसूल करावी. घरच्यांनी दोघांच्या दारांत फेऱ्या मारू नयेत. कायद्यात मूळ मालकाची जबाबदारी आहेच, ती करारात लेखी यावी.

आता कराराच्या आराखड्याबद्दल. अमेरिकेत ऑगस्ट २००४ मध्ये ओशा या तिथल्या सरकारी कामगार-सुरक्षा यंत्रणेने लाइनची कामे करणारे मोठे कंत्राटदार, आयबीईडब्ल्यू ही कामगार संघटना, नेका ही कंत्राटदारांची संघटना आणि ईईआय ही वीज कंपन्यांची संघटना यांच्याबरोबर एक भागीदारी केली. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या अपघातांची माहिती एकत्र ठेवायला मान्यता दिली. त्यातून माणसे कशाने मरतात हे निघाले, आणि त्यावर सर्वांनी मिळून कामाच्या पद्धती लिहिल्या : चालू लाइनच्या कामात मोजे कुठल्या क्षणी घालायचे आणि कुठल्या क्षणी उतरवायचे, खालून फक्त लक्ष ठेवणारा जाणकार माणूस कधी हवा, काम सुरू होण्याआधी टोळीशी काय बोलायचे. कामगारांसाठी दहा तासांचा आणि टोळीप्रमुखांसाठी वीस तासांचा अभ्यासक्रम झाला. सरकारने तपासणीचा अधिकार सोडला नाही. पुढे २०१४ च्या तिथल्या नियमांत आणखी एक गोष्ट आली. लाइनची मालक कंपनी आणि कंत्राटदार यांनी धोक्यांची माहिती एकमेकांना देणे बंधनकारक झाले. कंपनीने लाइनबद्दल जे माहीत आहे ते सांगायचे, कंत्राटदाराने कामात जे नवे सापडले ते उलट कळवायचे.

त्यांच्या पद्धती जशाच्या तशा इथे चालणार नाहीत. त्यांच्याकडे इन्सुलेटेड बकेटची गाडी असते; आपला माणूस कपाशीच्या शेतात शिडी लावून सिमेंटच्या खांबावर चढतो. घ्यायची आहे ती रचना, आणि तीत आमच्या दृष्टीने पुढच्या गोष्टी असाव्यात.

मुख्य विद्युत निरीक्षकांनी दोषनिश्चितीच्या अहवालापासून वेगळे, प्रत्येक जीवघेण्या अपघाताचे एक पानी टिपण पंधरा दिवसांत सर्व कंत्राटदारांना पाठवावे. त्यात नाव, गाव, कंपनी काही नको. दाब किती, परमिट कसे होते, अर्थिंग कुठे होते, वीज कुठून आली, एवढेच मराठीत. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची माहितीही त्यात यावी, आणि ती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही हे लेखी असावे. आज कळवणारा माणूसच अडकतो, म्हणून कुणी कळवत नाही. वितरण कंपन्यांनी आपल्या प्रशिक्षण केंद्रांची दारे कंत्राटी कामगारांना उघडावीत. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री वायरिंगमध्ये तयार असतो, खांबावर नाही. त्याला बंद लाइनच्या मैदानावर परमिट, अर्थिंग आणि खांबावर लोंबकळणाऱ्या माणसाला खाली घेण्याचा सराव सत्तर-ऐंशी किलोच्या पुतळ्यावर करून द्यावा. खाली घेतल्यावर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, हे प्रत्येक टोळीत निदान दोघांना यायलाच हवे. एकालाच येत असेल आणि तोच वर असेल तर काय? संघटनांनी सभासदत्वाची अट म्हणून हे प्रमाणपत्र मागावे, आणि जो सभासद परवाना नसलेल्याला चढवतो त्याला काढून टाकण्याचे धैर्य दाखवावे.

दरवर्षीचा विद्युत सुरक्षा सप्ताह आणि ४ मार्चचा लाइनमन दिवस व्हावेतच. त्या कार्यक्रमांत वर्षभरातली ही टिपणे वाचली गेली, तर सत्काराच्या शालींपेक्षा ते जास्त कामी येईल.

सुरुवात तीन उपविभागांत करावी : एक कोकणातला, एक विदर्भ-मराठवाड्यातल्या शेती फीडरचा, एक शहरातला. एक वर्ष तीन गोष्टी मोजाव्यात. दिलेल्या परमिटांपैकी क्रमांकासह लेखी किती, अचानक पाहणीत दोन्ही बाजूंना अर्थिंग किती ठिकाणी सापडले, आणि चाचणीची तारीख न उलटलेले हातमोजे किती टोळ्यांकडे होते. हे आकडे दर तिमाहीला चौघांनी एकत्र बसून पाहावेत आणि प्रसिद्ध करावेत. पहिली बैठक एप्रिल संपण्याआधी व्हावी, म्हणजे मान्सूनपूर्व कामांचे शटडाऊन नव्या परमिटवर निघतील. त्या बैठकीत सचिव आणि अध्यक्षांबरोबर उपकेंद्रातला एक यंत्रचालक आणि खांबावर चढणारा एक कंत्राटी तंत्रज्ञ यांनाही बोलवा, आणि परमिटचा नमुना त्या दोघांच्या संमतीशिवाय छापायला देऊ नका.

आपले,
वीज वितरण, कंत्राट आणि तपासणी क्षेत्रांतले अभियंते, परवानाधारक पर्यवेक्षक आणि तंत्रज्ञ